धुतलेला ससा

नानांनी आजही म्युझियमच्या पायरीशी चपला काढल्या. दारावरचा रखवालदार म्हणाला, "बाबा, असू द्या, चपला चालतात इथं." नाना म्हणाले, "तुला चालत्यात, मला नाय चालत," आणि पायानंच चाचपत दोन्ही चपला भिंतीकडेला जोडीनं लावल्या. हे चाचपणं नवीन आहे. चपला काढणं मात्र मी परकर नेसत होते तेव्हापासूनचं.

काचबिंदूनं माझ्या वडिलांची नजर कडेकडेनं खात आणली. आता त्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो, आणि उजेडात कुणी आडवं आलं तर सावली कळते. मागे रेडिओवर त्यांनी ऐकलं की नाशिकच्या म्युझियममध्ये न दिसणाऱ्यांसाठी शनिवारी कार्यक्रम असतो, वस्तू हातात देतात, चाचपून बघू देतात. झालं. त्या दिवसापासून एकच धोशा. सकाळी चहाला तो, संध्याकाळी देवाला दिवा लावताना तो.

"मला माझे ससे बघायचेत. एकदा हात लावून."

मी हो म्हणाले खरी, पण त्यात एक अडचण होती. म्युझियमच्या त्या अख्ख्या इमारतीत हाडं आहेत, दगड आहेत, पिसं आहेत, मुखवटे आहेत. त्यातल्या कशालाही एक वेळ हात लावता येईल. नानांच्या सशांना लावता येत नाही. आणि हे सगळ्यांत आधी, सगळ्यांत कडक आवाजात सांगणारा माणूस म्हणजे नाना स्वतः.

दार ओलांडलं आणि तो वास आला. डांबराच्या गोळ्या, जुनं सागवान, काचा पुसायचं स्पिरिट. इमारतीला मधे नवा रंग दिलाय, दिवे बदललेत, तिकीटखिडकीच्या जागी पुस्तकांचं दुकान आलंय. वास तेवढा कुणाला बदलता आलेला नाही. नानांनी मान वर करून तो भरून घेतला आणि म्हणाले, "आलो बरोबर."

नाना विहिरी पाडायचे. पिंपळगाव बसवंतच्या आसपास तेव्हा ज्याला त्याला द्राक्षबाग लावायची होती आणि प्रत्येक बागेला पाणी हवं होतं. उन्हाळा लागला की नाना आणि त्यांची माणसं कुणाच्या तरी शेतात काठावर यारी उभी करायची. यारी म्हणजे दगड वर ओढायचं लोखंडी धूड; तिचा दोर कुरकुरायला लागला की मला आमच्या घरचा उन्हाळा सुरू झाल्यासारखं वाटायचं. सुरुंग लावला की नाना तोंडाशी हात धरून लांबलचक हाळी द्यायचे. बायका पोरांना ओढून बांधामागे न्यायच्या. मग जमीन पोटातून एकदा ढवळायची आणि धुराचा तो कडवट वास दिवसभर नानांच्या सदऱ्याला, केसांना, भाकरीच्या घासालाही असायचा.

आपल्याकडचा काळा दगड वरून बघावा तर रुक्ष, मख्ख. पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांमध्ये फुलं. आमच्याकडे फुलंच म्हणायचे. पांढऱ्या काड्यांचे झुबके, फिकट हिरवे चौकोनी खडे, पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाचे पापुद्रे. गडी माणसं ती फोडून टाकायची, कुणी हायवेला नेऊन विकायची. नाना एखादं घरी आणून खिडकीत ठेवायचे. आमच्या खिडकीला पडदा नव्हता, फुलं होती.

ससे सापडले ती विहीर अर्धी झाली होती. सुरुंगाचा धूर निघून गेल्यावर नाना खाली उतरले. खाली काळोख असायचा, म्हणून वर काठावर एक गडी दाढीचा आरसा धरून बसायचा आणि उन्हाचा कवडसा खाली पाडायचा. नाना खालून ओरडायचे, "डावीकडं घे. आजून घे." तो कवडसा विहिरीच्या अंगावरून सरकत सरकत एका भोकावर गेला, आणि आत पांढरी पिल्लं बसलेली होती.

ही गोष्ट नानांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की आता तो कवडसा मीच धरला होता असं मला वाटतं. पातेल्याएवढी पोकळी. तिच्यात एकमेकांना चिकटून बसलेले पांढरेशुभ्र गोळे, लिंबाएवढे, काही त्याहून मोठे, सगळ्या अंगावर केस. चहूकडून अखंड काळा दगड. बीळ नाही, फट नाही, मुंगीला शिरायला जागा नाही. नाना म्हणायचे, "मला वाटलं सशाची पिल्लं हायेत. मग वाटलं, अरे, पन ही इथं आली कुठनं? मला घामच फुटला." जिवंत आहेत की काय ते बघायला त्यांनी लांबून हळूच फुंकर घातली. तर केस हलले.

त्या दिवशी नानांनी पुढचा सुरुंग लावला नाही. छिन्नी-हातोडी घेऊन ते भोवतालचा दगड सोडवत बसले. विहिरीचा मालक काठावरून तोंडाचा पट्टा सोडत होता आणि नाना वर न बघता म्हणत होते, "पानी पळून जात नाय तुझं." संध्याकाळी तो दगड यारीनं वर आला, टेंपोत नानांच्या मांडीवर गवताच्या गोणीवर बसून घरी आला, आणि ओसरीवर ठेवल्या ठेवल्या त्यांनी हुकूम सोडला.

"कुणी हात लावायचा नाय. जवळ तोंड न्यायचं नाय. मी बी लावलेला नाय."

खरंच लावला नव्हता. पहारीनं आणि घणानं त्यांच्या तळव्यांच्या भाकऱ्या झालेल्या. ते हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवून ते पुढे बसायचे आणि नुसते बघायचे. मीही बसायचे. सकाळचं कोवळं ऊन ओसरीवर तिरपं आलं की एकेक केस वेगळा दिसायचा, टोकाला चमकायचा. आपण ज्या जमिनीवर हुंदडतो, जिच्यावर बकऱ्या बसतात, तिच्या पोटात हे असं काहीतरी कुणी बघायला नसताना गुपचूप तयार होऊन बसलंय, या कल्पनेनं मला भीती वाटायची आणि लय आनंदही व्हायचा. मी बरेच दिवस जमिनीवर पाय आपटून चालले नाही.

गावातली माणसं येऊन बघून जायची. हात जोडायची. आई सगळ्यांना पाणी द्यायची आणि सशांकडे बघत म्हणायची, "यांना खायला घालावं लागत नाही, तेवढं बरंय." माझी आई बोलायला अशी होती. हसायची नाही, समोरच्याला हसवायची.

बातमी कशी गेली कोण जाणे, पण एके दिवशी म्युझियमचे वैद्य सर स्कूटरवरून आले. किडकिडीत, मऊ आवाजाचे, शर्टाच्या खिशात भिंग. ते ओसरीवर मांडी घालून बसले, चष्मा काढून पुसला, घातला, बघितलं, पुन्हा काढून पुसला. मग त्यांनी आम्हाला सांगितलं की हा दगड एकेकाळी पातळ, लाल, उकळता होता. तो वाहत आला, निवला, आणि निवताना आत जे बुडबुडे अडकले त्या ह्या पोकळ्या. मग त्यांत पाणी झिरपलं आणि पाण्यातून हे केस वाढले, कोट्यवधी वर्षांपूर्वी. त्याला त्यांनी एक अवघड इंग्रजी नाव सांगितलं आणि लगेच म्हणाले, "ससेच म्हणा. ससे जास्त बरोबर वाटतं."

एवढा आकडा आमच्या ओसरीवर कधी आला नव्हता. आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे कोटी कोटी वर्षं बिनआंघोळीचे?"

वैद्य सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. नानाही हसले. तेव्हा ते फक्त हसण्यावारी गेलं.

म्युझियममध्ये दर थंडीत एक प्रदर्शन भरायचं. लोकांनी आपापल्या घरातलं काहीतरी आणायचं आणि ते काचेच्या पेटीत, खाली नाव लिहून, म्युझियमच्या वस्तूंच्या बरोबरीनं मांडायचं. सर नानांना म्हणाले, ससे त्यात द्या. नाना म्हणाले, त्यात कशाला, कायमचेच ठेवा. आमच्या घरात पोरं, मांजर, चुलीचा धूर. एवढं बोलून ते जे उठले ते गोठ्यात गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

न्यायच्या दिवशी सकाळी आईनं चूल पेटवून पाणी तापवलं. आमच्याकडे घरातून कायमचं कुणी जाणार असेल तर ते तसंच जात नाही. लेक सासरी निघाली की तिला न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, ओटी भरायची. विकलेल्या बैलालाही आई पाय धुऊन, कुंकू लावून मगच दावं सोडू द्यायची. हे तर कोटी वर्षं इथल्याच जमिनीखाली राहिलेले, आणि आता शहरात, मोठ्या लोकांत चाललेले. त्यांना पारोसं कसं पाठवायचं? तिनं तांब्यातलं कोमट पाणी पुढच्या सशावर ओतलं आणि तान्ह्या पोराचं डोकं पुसावं तसा पदराच्या टोकानं त्याच्यावरून एकदा हात फिरवला.

एकदाच. त्याचे केस खाली बसले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. भिजलेल्या कापसासारखा तो एका बाजूला चेपला. आई तशीच तांब्या धरून बसली. थोड्या वेळानं तिनं बाकीच्यांना पाण्याचा थेंब लागू न देता दगडाच्या काठाला हळदकुंकू लावलं आणि मूठभर गहू खाली ओटीसारखे ठेवले. आरंभलेलं अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती.

नाना गोठ्यातून आले, बघितलं, आणि म्हणाले, "वाटोळं केलंस." तेवढंच. टेंपोत आम्ही तिघं आणि तो दगड, मागे कांद्याच्या गोण्या, असे नाशिकला निघालो.

वैद्य सरांनी दगड टेबलावर घेऊन भिंगातून कोपरान् कोपरा तपासला. मग म्हणाले, "बाकीचे शाबूत आहेत." चिमट्यानं त्यांनी गव्हाचे दाणे एकेक करून काढले. कुंकवाशी आल्यावर चिमटा थांबला. दाराजवळ उभ्या असलेल्या आईला ते म्हणाले, "वहिनी, हे राहू दे. हे काही बिघडवत नाही."

त्या प्रदर्शनाचा पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. नाशिकची ती थंडी, तोंडातून निघणारी वाफ, आणि म्युझियमच्या पायरीवर गोधडीत, पिशवीत, डब्यात काहीबाही घेऊन उभी असलेली माणसं. मनमाडहून एक रिटायर झालेले गार्डकाका रेल्वेचा हातदिवा घेऊन आले होते, एका बाजूला लाल काच, एका बाजूला हिरवी. ते पोरांना तो फिरवून दाखवायचे आणि अख्खं दालन आलटून पालटून थांबायचं आणि सुटायचं. जुन्या नाशकातल्या एका अत्तरवाल्या चाचांनी आजोबांच्या वेळच्या रिकाम्या कुप्या आणल्या होत्या. रिकाम्या म्हणून दिल्या खऱ्या, पण बुचं काढली तर वाळा आणि मोगरा कुठल्याकुठे दरवळला, आणि त्या वर्षी पेंढा भरलेल्या बिबट्यालाही मोगऱ्याचा वास येत होता.

पलीकडच्या दालनात हत्तीचा दात होता. गोदावरीच्या काठच्या मातीत सापडलेला, दगड झालेला, आपल्या कुणाच्या पणजोबांनी पाहिला नसेल अशा हत्तीचा. बायका त्याच्यापुढे चपला काढून यायच्या, गणपतीच म्हणून झेंडूचं फूल ठेवायच्या. शिपाई संध्याकाळी फुलं गोळा करायचा, पण पाटी काही लावली नाही कुणी. नानांनी चपला काढणं तिथंच उचललं. म्हणायचे, "ह्या समद्यांचं वय बघ. आपन ह्यांच्यापुढं कालची पोरं."

उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे आणि वैद्य सर भिंतीवर चित्रं पाडून पक्ष्यांची व्याख्यानं द्यायचे. अर्धी माणसं गारव्याला म्हणून यायची आणि पक्ष्यांची होऊन जायची. सुरगाण्याकडून जीप भरून मंडळी आली की अंगणात बोहाड्याचा नाच व्हायचा. पोत्यात गुंडाळलेले मोठाले रंगीत मुखवटे बाहेर निघायचे, नारळ फुटायचा, संबळ वाजायला लागायची. मघाशी माझ्याशेजारी बसून चहा पिणारा माणूस मुखवटा चढवून उभा राहिला की तो माणूस उरायचा नाही. मी आईला घट्ट धरायचे. तिच्या अंगावरही काटा आलेला असायचा.

आणि नाना. शेतातली कामं आवरून दर थंडीत ते प्रदर्शनाला हजर. धुतलेला सदरा, टोपी, हात पाठीमागे बांधलेले. आपल्या पेटीशेजारी उभे राहून येणाऱ्याला सगळी गोष्ट सांगायचे: विहीर, आरसा, कवडसा, फुंकर. लोक तोंडात बोट घालायचे. मग गोष्टीच्या शेवटी नाना काचेवर बोट ठेवून म्हणायचे, "आन् हा पुढचा. हा आमच्या मंडळीनं धुतला."

हशा पिकायचा. दर वेळी. नानांना तो हशा आवडायचा, त्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी व्हायची नाही. त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या सकाळनंतर घरी ते आईला धुतल्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. पण पहिल्या वर्षी आई सगळ्यांबरोबर हसली, दुसऱ्या वर्षी तिनं पदर तोंडाला लावला, आणि त्यानंतर ती आमच्याबरोबर दारातून आत आली की डावीकडे वळायची. सशांची पेटी उजवीकडे होती. डावीकडे मुखवटे. ती मुखवट्यांपुढे उभी राहायची, आमचं होईपर्यंत. काही वर्षांनी ती फक्त बोहाड्याला यायला लागली. त्या दोन वर्षांनंतर आई त्या पेटीपुढे उभी राहिलेली मला एकदाही आठवत नाही. आपण ज्याची पाठवणी केली त्याच्याकडे तिनं पुन्हा पाहिलंच नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वैद्य सरही गेले. नानांच्या डोळ्यांतून एकेक करून रंग गेले, मग कडा, मग माणसं. बागेतल्या घडांचे मणी चाचपून ते किती पिकलेत हे अजून अचूक सांगतात, पण वाटीतली भाजी कुठली हे विचारावं लागतं. आणि मध्येच केव्हातरी, चहा पिता पिता, म्हणतात, "ससे तेवढे स्वच्छ दिसत्यात अजून. डोळे मिटले की."

आज शनिवार. स्पर्शाच्या कार्यक्रमाची जबाबदारी मृणाल नावाच्या मुलीकडे आहे. म्युझियमची नवी क्युरेटर, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं नानांचा हात हातात घेऊन आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग खोली सांगितली: "आजोबा, आपण मुखवट्यांच्या दालनात आहोत. समोर लांब टेबल आहे, तुमच्या कमरेएवढं. वर मऊ कापड आहे. घाई नाही."

नानांनी मोराचं पीस चाचपलं, कासवाची पाठ चाचपली. हत्तीच्या दातावर त्यांचे दोन्ही तळवे फिरले, त्याच्या खाचांमधून एकेक बोट गेलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उघडला. "एवढा दात," ते म्हणाले, "तर घास केवढा आसंल!" इतकी वर्षं काचेतून बघितलेला दात आज त्यांना पहिल्यांदा दिसला.

मग मृणालनं त्यांच्या हातात मुखवटा दिला. नानांनी त्याचं नाक, डोळ्यांची भोकं, आतली खरखरीत बाजू चाचपली. वास घेतला. बराच वेळ तो सोडला नाही.

"तुझी आई इथं का उभी राहायची गं?" त्यांनी मला हळूच विचारलं. "तिला ह्यांचं एवढं काय होतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या दालनात, त्या वासात, माझ्या तोंडून खोटं निघेना, आणि खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला.

"मुखवट्यांसाठी नाही, नाना. तिकडे तुम्ही लोकांना सांगायचात ना, धुतला म्हणून. सगळे हसायचे. म्हणून ती इकडे थांबायची."

मुखवटा नानांनी टेबलावर जपून, तोंड वर करून ठेवला. त्यांच्या हाताला टेबलाची कड सापडेना, म्हणून मी धरून दिली. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. मी बोलून बसले खरी, पण लगेच जीव चुटपुटला.

पण ते म्हणाले, "ससे कुठायत?"

मृणाल माझ्याकडे बघायला लागली. मी तिला फोनवर नानांची इच्छा सांगितली होती, तिनंही मला अडचण सांगितली होती. ती पुढे झाली. "आजोबा, तुमच्यासाठी पेटी उघडून ठेवली आहे. पण हात... ते केस एकदा बसले की परत उठत नाहीत हो. मला फार वाईट वाटतं सांगताना."

"मला ठाऊक हाय," नाना म्हणाले. "मीच सांगायचो समद्यांना."

आम्ही तिघं उजवीकडे वळलो. पेटीचं झाकण उघडं होतं. इतक्या वर्षांनी काचेशिवाय मी तो दगड पाहत होते आणि पुन्हा तशीच, परकर नेसलेली, श्वास अडवून उभी होते. सगळे पांढरे. सगळे तसेच. खिडकीतून आलेल्या उन्हात एकेक केस वेगळा. आमचं घर बदललं, विहिरी आटल्या, यारी भंगारात गेली, माणसं गेली, आणि यांचा एक केस वाकडा झाला नव्हता. काठावर पुसट, विटकरी झालेला कुंकवाचा ठिपका होता. वैद्य सरांनंतर आलेल्या कुणीही तो पुसला नव्हता.

नानांनी हात पुढे केला. दगडापासून वीतभर अंतरावर तो थांबला आणि मागे आला. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले, पूर्वी बांधायचे तसे.

"नको. राहू दे. जवळ आलो, लय झालं."

मला रडू आवरेना. मृणाल खाली वाकून दगडाकडे बघत होती. मग ती म्हणाली, "आजोबा, एक सांगू? हा अगदी पुढचा आहे ना, तो आधीच बसलेला आहे. कधीतरी पाणी लागलं असावं. त्याचं आता अजून काही बिघडणार नाही. त्याला लावा हात. खुशाल लावा."

आईनं तो धुतल्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. पाटीवर नानांचं नाव होतं, गावाचं होतं, दगडाचं अवघड नाव होतं. त्या पुढच्या सशाबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

नानांनी पाठीमागचा उजवा हात सोडवला आणि माझ्यापुढे धरला. मी त्यांची तर्जनी धरून, बाकीच्या सशांच्या अंगावरून वर वर नेत, त्या एकावर ठेवली. ते राठ, भेगाळलेलं बोट त्याच्यावरून एकदा फिरलं. केस ज्या बाजूला चेपले होते त्याच बाजूला फिरलं. पदराचं टोक फिरलं होतं तसं.

"कसा आहे, आजोबा?" मृणालनं हळूच विचारलं.

"मऊ हाय," नाना म्हणाले. मग म्हणाले, "हा आमच्या मंडळीनं धुतला."

तेच वाक्य. या वेळी हसायला कुणी नव्हतं, आणि नाना हशाची वाटही बघत नव्हते. बोट त्यांनी तिथून काढलं नाही. मान डावीकडे वळवली, मुखवट्यांच्या दालनाकडे, जिथं एक बाई आमचं होईपर्यंत उभी असायची, आणि तिकडे बघत, घरात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाले,

"बरं केलंस गं."